ॲनाकोंडाची पुनर्रचना आणि तिच्यावरील मतभेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनाकोंडा म्हणजे काय, आणि त्याच्या रूपाबद्दल इतका वाद का होतो?

ॲनाकोंडा हा फेडोरा लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा इन्स्टॉलर आहे. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला की भाषा, कळफलक, हार्ड डिस्कवरील जागा इत्यादी गोष्टी विचारून ऑपरेटिंग सिस्टीम कायमची बसवून देण्याचे काम तो करतो. तो मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेला असून रेड हॅट कंपनीच्या, संस्थांसाठी असलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्येही तोच वापरला जातो. त्यामुळे त्यातला एखादा बदल आज लॅपटॉपवर पहिल्यांदाच लिनक्स बसवणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो आणि काही काळाने मोठ्या संस्थेतील सर्व्हर सांभाळणाऱ्यांपर्यंतही जातो. या दोघांच्या अपेक्षा एकमेकांशी क्वचितच जुळतात.

इतर सॉफ्टवेअरपेक्षा इन्स्टॉलरची स्थिती वेगळी आहे. मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम माणूस रोज उघडतो, त्यामुळे नवी रचना आठवड्याभरात हाताला बसते. इन्स्टॉलर मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळीच उघडला जातो, म्हणजे त्याची सवय कधी होतच नाही. आणि नेमक्या याच प्रोग्रामात केलेली चूक मागे घेता येत नाही. रंग, बटणे आणि चिन्हे यांवर बरीच चर्चा झाली असली, तरी माझ्या मते या सगळ्या मतभेदांचा गाभा एकच आहे : डिस्कवर काय घडणार आहे हे वापरणाऱ्याला कोणत्या क्षणी आणि किती स्पष्टपणे सांगितले जाते. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिलेली आहेत.

जुना इन्स्टॉलर चालत होता, तर तो बदलण्याची गरज काय होती?

फेडोरा १७ पर्यंतचा इन्स्टॉलर एका मागून एक येणाऱ्या पानांचा होता. प्रत्येक पानावर एक प्रश्न असे आणि खाली ‘मागे’ व ‘पुढे’ अशी दोन बटणे असत. बाहेरून पाहता ही रचना साधी आणि भरवशाची वाटते, पण आतून तिची अडचण होत चालली होती. प्रत्येक पान आधीच्या पानाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे डिस्क तपासणे, नेटवर्क जोडणे आणि पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या संचांची) यादी उतरवणे ही वेळखाऊ कामे एकामागून एकच करावी लागत, आणि तेवढा वेळ वापरणाऱ्याने नुसते पाहत बसायचे. शिवाय ज्याला कळफलक आणि वेळक्षेत्र बदलायचेच नाही, त्यालाही ती पाने ओलांडूनच पुढे जावे लागे.

दुसरे कारण देखभालीचे होते. दहा-बारा वर्षांत त्या कोडावर इतके थर चढले होते की पडद्यावरील पान आणि डिस्कवर प्रत्यक्ष काम करणारा भाग यांना वेगळे करणे कठीण झाले होते. एखादी नवी फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) किंवा नव्या प्रकारचे स्टोअरेज आले की बदल कुठे करावा आणि त्याने काय मोडेल याचा अंदाज येत नसे. ‘चालत होता’ हे वापरणाऱ्याच्या बाजूने खरेच होते. तो चालता ठेवण्याचा खर्च मात्र मोजकेच डेव्हलपर उचलत होते, आणि टीका करताना ही बाजू बहुधा लक्षात घेतली गेली नाही.

२०१३ मध्ये आलेली नवी रचना नेमकी कशी होती?

फेडोरा १८ मध्ये भाषा निवडल्यानंतर एकच मध्यवर्ती पान समोर येऊ लागले. त्याला ‘हब’ म्हटले गेले, आणि त्यावरून उघडणाऱ्या प्रत्येक उप-पानाला ‘स्पोक’. कळफलक, तारीख-वेळ, सॉफ्टवेअरची निवड, नेटवर्क, डिस्क अशी चिन्हे या मध्यवर्ती पानावर मांडलेली असत. ज्याला जे बदलायचे त्याने तेच उघडावे आणि बाकीचे सोडून द्यावे. जिथे उत्तर देणे आवश्यक आहे त्या चिन्हावर इशाऱ्याचा त्रिकोण दिसे, आणि सगळे त्रिकोण जाईपर्यंत ‘इन्स्टॉलेशन सुरू करा’ हे बटण निष्क्रिय राही. त्याच बटणाजवळ अशी सूचना असे की हे बटण दाबेपर्यंत तुमच्या डिस्कला हात लावला जाणार नाही.

या रचनेमुळे वापरणारा एका पानावर असताना मागे पॅकेजांची माहिती उतरवण्याचे काम चालू राहू शकले. प्रत्यक्ष फाइली डिस्कवर लिहिल्या जात असतानाच रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड, आणि पुढील आवृत्त्यांत नवा वापरकर्ताही, नोंदवता येऊ लागला. हा लाभ खरा होता आणि तो मान्य करायला हवा.

आक्षेपांपैकी काही किरकोळ वाटतील, पण तसे ते नव्हते. प्रत्येक उप-पानावरचे ‘झाले’ हे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवले होते. मागे जाण्याचे बटण बहुतेक प्रोग्रामांत तिथेच असते, त्यामुळे तेथे टिचकी मारल्यास केलेले बदल जतन होतील की रद्द होतील, अशी शंका अनेकांना आली. रद्द करण्यासाठी वेगळे बटण नव्हतेच. एरवी ही बाब सहज खपली असती. पण डिस्क पुसण्याच्या निर्णयाच्या पानावर ‘हे मान्य केले की मागे घेतले?’ असा प्रश्न पडणे हा रचनेचा दोषच मानला पाहिजे.

सर्वांत तीव्र मतभेद कशावर झाले?

हाताने पार्टिशन करण्याच्या, म्हणजे डिस्कचे भाग स्वतः पाडण्याच्या, पानावर. हा विषय थोडा सविस्तर समजून घ्यावा लागतो, कारण दोन्ही बाजूंचे म्हणणे तर्काला धरून होते.

जुन्या पानावर वरच्या भागात डिस्कचे आडवे चित्र असे आणि खाली पार्टिशनांची यादी. वापरणारा आधी डिस्क पाहायचा, तिच्यावरची रिकामी जागा निवडायचा, तिथे पार्टिशन तयार करायचा आणि शेवटी त्याला माऊंट पॉइंट (तो भाग सिस्टीममध्ये जिथे दिसेल ती जागा) द्यायचा. एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी व्यवस्था) वापरायचे असेल तर फिजिकल व्हॉल्यूम, मग व्हॉल्यूम ग्रुप, मग लॉजिकल व्हॉल्यूम अशा पायऱ्या स्वतःच चढायच्या. थोडक्यात, विचाराची दिशा डिस्ककडून फाइल सिस्टीमकडे होती.

नव्या पानाने ही दिशा उलटी केली. आता डावीकडे ‘नवे फेडोरा १८ इन्स्टॉलेशन’ असा गट दिसे, त्यात ‘डेटा’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन विभाग, आणि खाली घडी घातल्यासारखे जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमांचे गट. अधिक चिन्ह दाबले की इन्स्टॉलर माऊंट पॉइंट आणि हवा तेवढा आकार विचारायचा. तो भाग कोणत्या डिस्कवर, कोणत्या क्रमाने, कोणत्या जागी बसवायचा हे तो स्वतः ठरवायचा. उपकरणाचा प्रकार साधे पार्टिशन, एलव्हीएम, रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत) की बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम, हे उजवीकडील यादीतून निवडता येई, आणि केलेला बदल लागू करण्यासाठी आणखी एक बटण दाबावे लागे.

या रचनेच्या बाजूचा युक्तिवाद असा की माणसाला ‘होम’साठी, म्हणजे स्वतःच्या फाइलींसाठी, शंभर गिगाबाइट हवे असतात, दुसऱ्या डिस्कच्या तिसऱ्या पार्टिशनमध्ये त्याला रस नसतो. बीटीआरएफएसच्या बाबतीत तर जुनी पद्धत मुळातच बसत नाही, कारण एकाच व्हॉल्यूममधील सबव्हॉल्यूम सगळी जागा वाटून घेतात आणि प्रत्येकाला स्वतःचा ठरावीक आकार नसतो. डिस्कच्या आडव्या चित्रात ते दाखवणार कसे? ऑक्टोबर २०२० मध्ये फेडोरा ३३ च्या डेस्कटॉप आवृत्त्यांनी बीटीआरएफएस हीच नेहमीची फाइल सिस्टीम म्हणून स्वीकारली, तेव्हा हा युक्तिवाद दूरदर्शी होता हे दिसून आले.

विरोधकांचे म्हणणे असे की हाताने पार्टिशन करण्याचे पान उघडणारा माणूस मुळात इन्स्टॉलरने स्वतः काही ठरवू नये म्हणूनच तिथे आलेला असतो. त्याच्या एका डिस्कवर विंडोज असते, दुसरीवर जुने लिनक्स, मध्ये कुठेतरी कुटुंबाची छायाचित्रे. त्याला कोणत्या डिस्कच्या कोणत्या तुकड्याला हात लागणार हे डोळ्यांनी पाहायचे असते. नव्या पानाने नेमके हेच दृश्य काढून घेतले. जुन्या सिस्टिमांचे पार्टिशन घडी घातलेल्या गटांत विभागल्यामुळे एका डिस्कवर एकूण काय काय आहे, हे एका नजरेत दिसेनासे झाले.

माझा कौल या मुद्द्यावर विरोधकांकडे झुकतो. माऊंट पॉइंटपासून सुरुवात करण्याची कल्पना योग्य होती, पण ती पर्याय म्हणून न देता एकमेव मार्ग म्हणून दिली गेली. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखतावर सही करणाऱ्याला मिळकतीच्या चतुःसीमा वाचायला मिळाल्याच पाहिजेत. ‘तुम्ही क्षेत्रफळ सांगा, सीमा आम्ही आखू’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि डिस्कच्या बाबतीतही ते चालायला नको होते.

जागा मोकळी करण्याच्या खिडकीबद्दलही तक्रारी होत्या. त्या योग्य होत्या का?

काही अंशी. निवडलेल्या डिस्कवर जागा अपुरी असेल तर इन्स्टॉलर ‘जागा परत मिळवा’ अशी खिडकी उघडतो. त्यात प्रत्येक पार्टिशनसमोर राखणे, पुसणे आणि शक्य असेल तिथे लहान करणे असे पर्याय असतात, आणि सगळेच पुसून टाकण्याचेही एक बटण असते. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम लहान करता येते, एक्सएफएस लहान करता येत नाही. त्यामुळे तो पर्याय कधी मिळतो आणि कधी मिळत नाही. कारण न सांगता पर्याय निष्क्रिय दिसला की वापरणाऱ्याला तो बिघाड वाटतो. तक्रारींमागे बहुतेक वेळा हीच गोष्ट होती. खिडकीची कल्पना मात्र चांगली होती, कारण काय राहणार आणि काय जाणार हे तिच्यात ओळीने मांडलेले असे.

फेडोरा १८ ला उशीर इन्स्टॉलरमुळेच झाला का? आणि जुन्याकडे परत का जाता आले नाही?

मुख्यतः होय. मूळ वेळापत्रकाप्रमाणे फेडोरा १८ नोव्हेंबर २०१२ च्या सुरुवातीस यायचे होते. बीटा आवृत्तीच नोव्हेंबरच्या अखेरीस आली आणि अंतिम आवृत्ती १५ जानेवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच आवृत्तीत सिक्युअर बूटचा (केवळ प्रमाणित सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेचा) पाठिंबाही नव्याने येत होता, आणि जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाण्याचे काम इन्स्टॉलरकडून काढून ‘फेडअप’ नावाच्या वेगळ्या साधनाकडे दिले होते. एकाच वेळी इतके पाये हलवल्यावर भिंतीला तडे जाणे अटळ होते.

जुन्या इन्स्टॉलरकडे परत जाता आले नाही याचे कारण असे की मधल्या महिन्यांत फेडोराचे बाकीचे घटक पुढे सरकले होते आणि जुना कोड त्यांच्याशी जुळवून घेण्याचे काम कोणी केले नव्हते. म्हणजे परतीचा मार्ग कागदावर होता, प्रत्यक्षात नव्हता. नवे पुरेसे तयार नाही आणि जुने आता चालणार नाही, अशा कोंडीत थांबून दुरुस्त्या करण्याखेरीज फेडोराच्या अभियांत्रिकी समितीपुढे दुसरा पर्याय उरला नाही. माझ्या मते त्या वेळची सर्वांत मोठी चूक हीच आहे. पडद्याच्या रचनेवर दोन मते असू शकतात, परतीची वाट न ठेवण्यावर नाही.

टीका बाहेरूनही आली. लिनक्स कर्नलचे (सिस्टीमच्या गाभ्याचे) ज्येष्ठ डेव्हलपर ॲलन कॉक्स यांनी जानेवारी २०१३ मध्ये फेडोरा १८ वर, आणि त्यातही इन्स्टॉलरवर, अतिशय कठोर शब्दांत जाहीर टीका केली. असे जाणते वापरकर्ते दुरावणे ही कोणत्याही वितरणासाठी (लिनक्सच्या तयार संचासाठी) गंभीर गोष्ट आहे. तरीही अनुभवी माणसाला अडखळायला झाले म्हणजे नवख्यालाही होईलच, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. अनुभवी माणूस जुन्या पानांची अपेक्षा मनात धरून आलेला असतो.

टीकेनंतर काही बदलले का?

बदलले, पण सावकाश. इशाऱ्यांची भाषा सुधारली, पार्टिशनच्या पानातील अनेक दोष पुढील दोन-तीन आवृत्त्यांत दूर झाले, आणि जून २०१४ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने हीच रचना स्वीकारली. डिस्कवर प्रत्यक्ष काम करणारा भाग ‘ब्लिव्हेट’ नावाच्या स्वतंत्र लायब्ररीत गेला.

पार्टिशनच्या वादावर खरा तोडगा निघाला तो जुलै २०१७ मध्ये, फेडोरा २६ बरोबर. त्या आवृत्तीपासून ‘ब्लिव्हेट-जीयूआय’ हा दुसरा पर्याय इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट झाला. डिस्कपासून सुरुवात करून खालून वर रचना उभी करणाऱ्यांना त्यांची पद्धत परत मिळाली, आणि माऊंट पॉइंटपासून सुरुवात करणारे पानही कायम राहिले. दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवण्याला साडेचार वर्षे लागावीत, याचा खेद वाटतो.

मग आता ब्राउझरवर चालणारा इन्स्टॉलर कशासाठी?

२०१८ च्या सुमारास ॲनाकोंडाचा गाभा वेगवेगळ्या मॉड्यूलांत विभागण्याचे काम सुरू झाले होते. ही मॉड्यूले डी-बस या संदेशयंत्रणेतून एकमेकांशी बोलतात. त्यामुळे पडद्यावरील भाग आणि काम करणारा भाग यांची फारकत झाली, आणि जीटीके या खिडक्या-बटणांच्या साधनावरचा जुना पडदा तसाच ठेवून त्याच गाभ्यावर दुसरा पडदा बसवणे शक्य झाले. हा दुसरा पडदा कॉकपिट या सर्व्हर-व्यवस्थापन प्रकल्पाच्या तंत्रावर, रिॲक्ट आणि पॅटर्नफ्लाय ही वेब साधने वापरून बांधला आहे. तो जाहीर झाला २०२२ मध्ये. फेडोरा ३९ साठी सुचवला गेला, पुरेसा तयार नाही म्हणून आवृत्तीमागून आवृत्ती पुढे ढकलला गेला, आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये फेडोरा ४२ च्या वर्कस्टेशन या डेस्कटॉप आवृत्तीत आला.

या वेळचे आक्षेप वेगळे होते. इन्स्टॉलरसाठी संपूर्ण ब्राउझर चालवणे हा कमी मेमरीच्या संगणकांवर अन्याय आहे, असे काहींनी मांडले. वेब तंत्रज्ञानाचे अवलंबित घटक फार झपाट्याने बदलतात आणि इन्स्टॉलरला दहा वर्षे टिकावे लागते, हा दुसरा मुद्दा; तो मला अधिक वजनदार वाटतो. सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्यांत आधीच तयार असलेल्या पार्टिशनांना माऊंट पॉइंट देण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे, यावरही नाराजी होती. पुढे कॉकपिटचाच स्टोअरेज विभाग इन्स्टॉलरमधून उघडण्याची सोय झाली. दूरस्थ इन्स्टॉलेशनसाठी दुसऱ्या संगणकावरून पडदा पाहण्याची व्हीएनसी ही पद्धत फेडोरा ४२ मध्ये जाऊन आरडीपी आली, तेव्हाही ज्यांच्या कामाची घडी व्हीएनसीवर बसली होती त्यांना त्रास झाला. हा बदल मात्र वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेकडे जाण्यातून आलेला आहे. वेब पडद्याशी त्याचा संबंध जोडणे बरोबर नाही.

तरीही या वेळच्या बदलाची पद्धत मला २०१२ पेक्षा कितीतरी चांगली वाटते. नवा पडदा आधी एकाच आवृत्तीला मिळाला, इतर आवृत्त्यांसाठी जुना पडदा चालू राहिला, आणि तयारी नाही असे दिसताच प्रकाशन न लांबवता बदलच लांबवला गेला. पुनर्रचनेला विरोध करणाऱ्या कित्येकांची मूळ मागणी एवढीच होती.

नव्या पडद्यात पुन्हा एकामागून एक पाने आली आहेत. म्हणजे हबची रचना चुकीची होती, हे मान्य केले गेले का?

तसे म्हणणे घाईचे होईल. २०१२ च्या इन्स्टॉलरला एकाच पडद्यावरून सर्व्हर, डेस्कटॉप आणि नेटवर्कवरून होणारी इन्स्टॉलेशने सांभाळायची होती. प्रश्नांची संख्या मोठी होती, आणि ज्याला जे हवे ते उघडू देणे हाच त्यावरचा समंजस मार्ग होता. आज वर्कस्टेशनच्या लाइव्ह प्रतिमेत (न बसवताही चालवून पाहता येणाऱ्या प्रतीत) सॉफ्टवेअर निवडायचे नसते, आणि वापरकर्त्याचे खाते पहिल्यांदा सुरू झाल्यावर ग्नोम हा डेस्कटॉप स्वतः तयार करून घेतो. उरतात ते भाषा, डिस्क आणि एन्क्रिप्शन. एवढ्याच प्रश्नांसाठी मध्यवर्ती पान ठेवण्यात अर्थ नाही.

शेवटचे आढाव्याचे पान मात्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. कोणत्या डिस्कवर काय होणार आहे हे तिथे एकत्र मांडलेले असते, आणि संपूर्ण डिस्क वापरायची असेल तर बटणावरच डेटा पुसून इन्स्टॉल करण्याचा उल्लेख असतो. केवळ ‘सुरू करा’ असे मोघम लिहिलेले नसते. फेडोरा ४२ मध्ये ‘फेडोरा पुन्हा इन्स्टॉल करा’ हा स्वतंत्र पर्यायही आला, ज्यात सिस्टीम नव्याने बसते आणि होममधील फाइली राखल्या जातात. पूर्वी याच कामासाठी हाताने पार्टिशन करण्याच्या पानावर जाऊन धडधडत्या छातीने एकेक ओळ तपासावी लागे.

किकस्टार्ट वापरणाऱ्यांना या सगळ्याने काही फरक पडतो का?

फारसा नाही. किकस्टार्ट ही सगळी उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल असते आणि ती सरळ गाभ्याशी बोलते. मोठ्या संस्थांतील इन्स्टॉलेशने बहुधा अशीच होतात, त्यामुळे पडद्याच्या वादात त्यांचा आवाज कमी ऐकू येतो.

इतर मुक्त प्रकल्पांत असे मतभेद झाले का?

झाले, आणि ते फेडोराच्या वादावर प्रकाश टाकतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाने जुनी ‘बूट-फ्लॉपीज’ ही यंत्रणा सोडून नवा मॉड्यूलर इन्स्टॉलर लिहिला. जुलै २००२ च्या वुडी या आवृत्तीनंतर जून २००५ मध्ये सार्ज ही आवृत्ती येईपर्यंत जो दीर्घ काळ गेला, त्यामागील कारणांत हा इन्स्टॉलरही होता. पण तो इतका पक्का बांधला गेला की डेबियन आजही त्याच पायावर उभे आहे. डेबियनचा पुढचा मोठा वाद इन्स्टॉलरच्या पेटीत काय ठेवावे यावरून झाला : वाय-फाय कार्डांना लागणारे मुक्त नसलेले फर्मवेअर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) अधिकृत प्रतिमेत असावे की नाही? २०२२ च्या मतदानात ते असावे असा निर्णय झाला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तो अमलात आला. तत्त्वनिष्ठांचे दुःख मला समजते, पण नेटवर्कच न चालणारा इन्स्टॉलर हातात देऊन स्वातंत्र्याचा प्रसार होत नाही.

उबुंटूने २३.०४ मध्ये युबिक्विटी या जुन्या इन्स्टॉलरच्या जागी फ्लटर या साधनावर आधारित नवा डेस्कटॉप इन्स्टॉलर आणला आणि काही काळ जुन्या इन्स्टॉलरची वेगळी प्रतिमाही उपलब्ध ठेवली. आर्च लिनक्सने जुलै २०१२ मध्ये आपला इन्स्टॉलर काढूनच टाकला, आणि एप्रिल २०२१ मध्ये ‘आर्चइन्स्टॉल’ प्रतिमेत समाविष्ट केला, तेव्हा ‘हाताने शिकण्याची शिस्त गेली’ अशी तक्रार उलट बाजूने आली. ओपनसुसेने लीप १६ मध्ये यास्ट या जुन्या साधनातील इन्स्टॉलरऐवजी अगामा हा नवा इन्स्टॉलर स्वीकारला. तोही वेबवर आधारित आहे, आणि यास्टच्या पार्टिशन साधनाची सूक्ष्मता त्यात कितपत येते यावर जुन्या वापरकर्त्यांचे बारीक लक्ष आहे.

मराठीतून इन्स्टॉल करणाऱ्यांवर पुनर्रचनेचा काय परिणाम होतो?

दोन परिणाम होतात. पहिला भाषांतराचा. प्रत्येक पुनर्रचनेत पडद्यावरील वाक्ये बदलतात, आणि वर्षानुवर्षे जमवलेले भाषांतर एका रात्रीत अपुरे पडते. फेडोराच्या भारतीय भाषांच्या कामाला रेड हॅटच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा आधार मिळाला, लोहित देवनागरी हा फॉन्टही त्याच प्रयत्नांतून घडला. पण हबच्या काळात केलेली मराठी वाक्ये वेब पडद्यावर आपोआप येत नाहीत, ती पुन्हा करावी लागतात. पुनर्रचना जाहीर करताना भाषांतरकारांना पुरेसा अवधी देणे हा शिष्टाचार मानला जाऊ नये, ते वेळापत्रकाचाच भाग असले पाहिजे. तपासणीही तितकीच आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उबुंटू २३.१० च्या युक्रेनियन भाषांतरात कोणीतरी द्वेषपूर्ण मजकूर घुसवल्याचे प्रकाशनानंतर लक्षात आले आणि डेस्कटॉपची प्रतिमा तात्पुरती मागे घ्यावी लागली.

दुसरा परिणाम अक्षरांचा. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकार बसतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची यंत्रणा तिथे नसते, म्हणून मजकुरी इन्स्टॉलर मराठीत नीट दिसू शकत नाही. ‘चित्रमय पडदे हवेतच कशाला, मजकुरी इन्स्टॉलर पुरे’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एक व्यावहारिक सूचना : डिस्क एन्क्रिप्ट करताना पासवर्ड रोमन अक्षरांतच ठेवावा, कारण संगणक सुरू होण्याच्या पहिल्या टप्प्यावर देवनागरी कळफलक मिळेलच असे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी डेबियनचा मजकुरी इन्स्टॉलर वाचून दाखवणाऱ्या आवाजासह आणि ब्रेल उपकरणांसह चालतो, आणि ही सोय कित्येक चकचकीत पडद्यांना अद्याप तितक्या विश्वासाने देता आलेली नाही. म्हणून मजकुरी मार्ग काढून टाकण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला माझा विरोध आहे.

हे सारे मतदान घेऊन का ठरवत नाहीत?

फेडोरात मोठे बदल लेखी प्रस्तावाच्या रूपात मांडले जातात, त्यावर खुली चर्चा होते आणि निवडून आलेली अभियांत्रिकी समिती निर्णय देते. थेट मतदान घेतले तर मत देणारे बहुतेक जण आधीच फेडोरा वापरणारे असतील; इन्स्टॉलर ज्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा, तो नवखा माणूस तिथे नसेलच. त्याच्यासाठी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते : एखाद्याला यंत्रासमोर बसवायचे, काहीही न सांगता तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कोणते वाक्य दोनदा वाचतो हे पाहायचे. चर्चेत शंभर जणांनी मांडलेल्या मतांपेक्षा अशा पाच निरीक्षणांतून अधिक कळते. मात्र ही निरीक्षणे एकट्या लॅपटॉपवरील रिकाम्या डिस्कवर घेऊन भागत नाही. दोन डिस्क आणि जुने विंडोज असलेल्या संगणकावरही ती घेतली पाहिजेत.

आणखी एक खर्च बाहेरच्यांना दिसत नाही. फेडोराचा इन्स्टॉलर ओपनक्यूए या यंत्रणेने आपोआप तपासला जातो, आणि ही यंत्रणा पडद्याचे चित्र साठवलेल्या नमुन्याशी जुळवून पाहते. बटण थोडे सरकले, फॉन्ट बदलला की नमुने पुन्हा तयार करावे लागतात. ‘एवढेसे बटण उजवीकडे न्यायला काय हरकत आहे?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

मला नवा इन्स्टॉलर पटलेला नाही. माझे म्हणणे उपयोगी पडेल असे कसे मांडावे?

‘जुना चांगला होता’ या वाक्यावर डेव्हलपरला काहीच करता येत नाही. आपल्या संगणकात किती डिस्क आहेत, त्यांवर आधी काय होते, आपल्याला काय साधायचे होते, कोणत्या पानावर आपण काय समजलात आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. शक्य असल्यास नवी रचना प्रकाशित होण्यापूर्वी, बीटा आवृत्तीच्या काळातच लिहावे, कारण त्यानंतर बदल करणे कठीण होत जाते. आभासी यंत्रात दोन रिकाम्या डिस्क जोडून तोच प्रसंग पुन्हा घडवता आला तर उत्तम. त्यात कोणाचाही डेटा धोक्यात येत नाही. इन्स्टॉलर चालू असताना त्याच्या नोंदी ‘टीएमपी’ निर्देशिकेत असतात, आणि इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्यावर त्या नव्या सिस्टीममधील लॉगच्या निर्देशिकेत ‘ॲनाकोंडा’ नावाने मिळतात. त्यांतील स्टोअरेजची नोंद रेड हॅटच्या बगझिला या तक्रार-नोंदणी यंत्रणेवरील तक्रारीला जोडावी. जोडण्यापूर्वी तीत आपल्या डिस्कांची नावे किंवा उघड करू नये अशी अन्य माहिती नाही ना, हे एकदा वाचून पाहावे.